सबसिडी कोण कोणाला देतं?

सबसिडी हा शब्द कानावर पडला नाही असा आठवडा आमच्याकडे जात नाही. गॅसची सबसिडी जमा झाली का, ठिबकची अडकली, सोलर पंपाची फाइल कुठवर आली, अमक्याने कागदोपत्री शेळ्या दाखवून सबसिडी लाटली. मराठीत सबसिडी मिळते, लागते, अडकते, सुटते, बुडते आणि लाटलीही जाते. या सगळ्या वाक्यांत घेणारा दिसतो. देणारा मात्र वाक्यात नसतो, कारण तो सरकारच असणार हे आपण धरून चाललेलो असतो.

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवत आले. त्या भाषेत सबसिडाइझ असं सकर्मक क्रियापद आहे, आणि साध्या कर्तरी वाक्यात त्याला कर्ता आणि कर्म दोन्ही लागतात. कोणीतरी कोणाला तरी सबसिडाइझ करतं: खर्चाचा काही भाग आपण उचलतं, म्हणजे दुसऱ्याला ती वस्तू किंवा ते जगणं स्वस्त पडतं. वर्गात वाक्य फळ्यावर लिहिलं की मी पहिला प्रश्न तोच विचारायचे, कर्ता कोण? या एका क्रियापदाचा कर्ता शोधत मी बरीच मागे गेले, आणि वाट शेवटी आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवर आणि काटोलच्या शेतात येऊन पोचली.

मूळ शब्द लॅटिन, सब्सिडियम. तो पैशाचा नाही, लढाईचा आहे. जुन्या रोमन सैन्यात पायदळाच्या तीन रांगा असत. पुढे तरुण, मध्ये कसलेले, आणि सगळ्यांत मागे वयाने आणि अनुभवाने मोठे शिपाई, त्यांना त्रिआरी म्हणत. लढाई पेटलेली असताना ही मागची रांग एक गुडघा टेकून, ढाल खांद्याला लावून, भाला जमिनीत तिरका रोवून खाली बसून राहायची. पुढच्या दोन रांगा मोडल्या तरच उठायची. ‘गोष्ट त्रिआरींवर आली’ अशी रोमन लोकांत म्हणच होती. आता शेवटचा आधार उरला, असा तिचा अर्थ. या खाली, मागे बसून राहिलेल्या कुमकेचं नाव सब्सिडियम.

त्यातला ‘सब’ हा आपल्या ‘उप’चा सख्खा नातलग, आणि पुढचा धातू म्हणजे संस्कृतातला सद्, बसणे. संसद, परिषद, सदन, उपनिषद या सगळ्यांत तो आहे. सबसिडीचे तुकडे आपल्या उच्चारात ठेवले तर उप आणि सद् हेच हातात येतात. गुरूजवळ खाली बसून जे ऐकलं ते उपनिषद झालं, आणि रणात मागे खाली बसून जी वाट पाहिली ती सबसिडी झाली. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होते. मला त्यात अजूनही आनंद वाटतो. ज्या शब्दाला आपण पासबुकातली एक नोंद समजतो, त्याच्या आत गुडघा टेकून बसलेला माणूस आहे.

इंग्लंडात हा शब्द आला तेव्हा त्याने आणखी एक वळण घेतलं. तिथे चौदाव्या शतकात सबसिडी म्हणजे चक्क कर. राजाला लढायांसाठी पैसा हवा असे, पार्लमेंट तो मंजूर करी, आणि गावोगावच्या लोकांकडून तो गोळा होई. १३३४ सालच्या अशा सबसिडीच्या याद्या इतिहासाचे अभ्यासक आजही वापरतात. म्हणजे त्या काळी सबसिडी देणारी रयत होती आणि घेणारा राजा. कुमक तीच, पण ती खालून वर जात होती. कर आकारण्यासाठी इंग्रजीत जो अॅसेस शब्द आहे तोही याच ‘बसण्या’तून आलेला, न्यायाधीशाच्या बाजूला बसून किती वसूल करायचं ते ठरवणारा. वसुली आणि आधार एका घरातले निघावेत याचं मला नवल वाटत नाही.

क्रियापद त्यानंतर बऱ्याच काळाने, अठराव्या शतकात रूढ झालं, आणि त्याचा त्या वेळचा अर्थ स्पष्ट होता: दुसऱ्या राजाला पैसे देऊन त्याचं सैन्य आपल्या बाजूने लढवणं. १७५८ साली ब्रिटनने प्रशियाच्या फ्रेडरिकला वर्षाला ६ लाख ७० हजार पौंड देण्याचा करार केला. अमेरिकेतलं बंड मोडायला हेसेसारख्या जर्मन संस्थानांकडून हजारो शिपाई भाड्याने घेतले तेही अशाच करारांनी. पैसा लंडनचा, रक्त दुसऱ्याचं.

आणि मग हा शब्द हिंदुस्थानात आला आणि पुरता उलटा फिरला.

आपण सगळ्यांनी शाळेत ‘तैनाती फौज’ पाठ केलेली असते. वेलस्ली, १७९८, निजाम पहिला, वगैरे. तिचं इंग्रजी नाव सब्सिडियरी फोर्स. गॅसची सबसिडी आणि तैनाती फौज हे एकच शब्द आहेत हे इतिहासाच्या तासाला कोणी सांगत नाही आणि इंग्रजीच्या तासालाही नाही. युरोपात ब्रिटन पैसे द्यायचं आणि सैन्य दुसऱ्याचं असायचं. इथे सैन्य कंपनीचं, कंपनीच्या हुकमतीतलं, आणि त्याचा खर्च मात्र देशी राजाने द्यायचा. मदत म्हणून बसवलेली फौज त्याच्याच उरावर बसायची, तीही त्याच्याच पैशाने.

नागपूरचे दुसरे रघूजी भोसले या फौजेला शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, तरी तैनाती फौज त्यांनी घेतली नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले. गादीवर आलेले परसोजी राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हते, कारभार आप्पासाहेबांच्या हाती आला, आणि दोनच महिन्यांत, मे १८१६ मध्ये, तहावर सही झाली. दीड वर्षात तेच आप्पासाहेब त्याच फौजेविरुद्ध उभे राहिले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या जोडटेकडीवर लढाई झाली, नागपूर हरलं. पुढे १८२१ मध्ये या फौजेसाठी कन्हानच्या काठी छावणी वसवली गेली. ती आपली कामठी. नागपूर सब्सिडियरी फोर्स हे तिथल्या फौजेचं कागदोपत्री नाव होतं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी राज्यच खालसा झालं.

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीन दिवस लोकांसाठी उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. पोरं तिरंगा घेऊन वर येतात, खाली मेट्रोचं स्टेशन आणि बर्डीची गर्दी पाहतात, फोटो काढतात. मी तिथे उभी राहते तेव्हा मला तो तह आठवतो. आपल्या शहराने एका इंग्रजी शब्दाची किती मोठी किंमत मोजली आहे, हे तिथे एखाद्या फलकावर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

वऱ्हाडची गोष्ट याहून वाईट. निजामाच्या नावाने उभ्या केलेल्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ साली कंपनीने वऱ्हाडच आपल्याकडे घेतलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, हा सगळा काळ्या मातीचा, पऱ्हाटीचा म्हणजे कापसाचा मुलूख फौजेच्या बिलापोटी गेला. थोड्याच वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि या मुलखाकडे सगळ्यांचं लक्ष वळलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. ती बांधणाऱ्या कंपनीच्या लंडनमधल्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरली जायची. आता इथे कर्ता शोधा. लंडनचा भागधारक सबसिडाइझ झाला, आणि करणारी होती शेतसारा भरणारी रयत. ही सबसिडी आहे असं मात्र तेव्हा कोणी म्हटलं नाही. तिला ‘हमी’ म्हटलं.

शब्दाचा हा वापर आजही तसाच आहे, आणि माझा खरा राग इथे आहे. वरच्या माणसाला मिळालं की त्याला प्रोत्साहन म्हणतात, सवलत म्हणतात, चालना म्हणतात. खालच्याला मिळालं की सबसिडी. काही वर्षांपूर्वी रेल्वेच्या तिकिटावर छापलेलं यायचं की तुमच्या भाड्याचा ४३ टक्के भार देशाचे सामान्य नागरिक उचलतात. स्लीपरमध्ये घाम पुसत बसलेल्या माणसाने ते वाचावं आणि ओशाळावं, अशी ती ओळ. प्रत्यक्षात प्रवासी भाड्यातली तूट बरीचशी मालवाहतूक भरून काढते, त्यातही कोळसा. तो कोळसा वणी, उमरेड, चंद्रपूरकडच्या खाणींतून निघतो, आणि जिथून निघतो तिथल्या विहिरी आटतात, घरांवर काळी धूळ बसते. त्या गावांचं नाव तिकिटावर कुठे असतं?

२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. काटोलच्या गाडीत मी ते घेते. मागून कोणीतरी बोलतंच, ‘बायकांचं बरं आहे, सरकार पोसून राह्यलं.’ त्याच गाडीत पहाटे नागपूरला धुणीभांडी करायला निघालेल्या बायका असतात. त्यांनी कमी पैशांत कामं केली म्हणून किती घरांतले दोघेही नोकरीला जाऊ शकतात, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

कापसाचं मात्र मांडून पाहता येतं. अमेरिकेने आपल्या कापूस उत्पादकांना इतकं अनुदान दिलं की जगाच्या बाजारात भाव पडले. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. अमेरिकेने काय करावं? आपलं अनुदान बंद करायच्या ऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायला ती कबूल झाली, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर एकदाच देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे आपल्या शेतकऱ्याची सबसिडी चालू राहावी म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही पैसे. त्या पडलेल्या भावाने बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या देशांतले शेतकरी मारले गेले, आणि यवतमाळचाही. त्यांना अशी भरपाई कोणी दिली नाही.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी याला नेमका शब्द दिला होता: उणे सबसिडी. देशात मिळणारा भाव बाहेरच्या भावापेक्षा कमी राहील अशी धोरणं आखायची, निर्यात बंद, आयात खुली, साठ्यांवर मर्यादा, आणि वर खताच्या पोत्यावर थोडी सूट द्यायची. दोन्हींची बेरीज केली की शेतकऱ्याच्या खात्यात उणे येतं. ही केवळ सभेतली घोषणा नव्हती. जागतिक व्यापार कराराच्या वेळी १९८६ ते १९८८ या आधारकाळासाठी भारत सरकारने स्वतः जी आकडेवारी दिली, त्यातही पिकांना भावातून दिलेला आधार उणे निघाला होता. म्हणजे त्या वाक्याचा कर्ता शेतकरी होता आणि कर्म आपण, शहरातले. मागच्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं गेलं, तेव्हा बाजारात नवा कापूस यायचा हंगाम तोंडावर होता. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला. तो कोणी स्वस्त करून दिला?

माझा दादा काटोल तालुक्यात शेती करतो. थोडी संत्री, बाकी पऱ्हाटी आणि तूर. युरियाची ४५ किलोची गोणी त्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, आणि त्यासाठी कृषी केंद्रात मशीनवर अंगठा लावावा लागतो. अंगठा उमटला की सबसिडी जमा होते, ती खत कंपनीच्या खात्यात. नाव मात्र शेतकऱ्याचं लागतं.

ठिबकचं त्याहून लांबलचक. अल्पभूधारकाला ऐंशी टक्के अनुदान, असं जाहिरातीत असतं आणि ते खोटं नाही. अर्ज करायचा, निवड झाली की कागदपत्रं, कोटेशन चढवायचं, पूर्वसंमती यायची वाट पाहायची. मग सगळा माल पूर्ण किमतीत आपण विकत घ्यायचा, शेतात बसवायचा, जीएसटीचं बिल चढवायचं. त्यानंतर मोका तपासणी. मी एकदा ती पाहिली. कृषी सहायकाने दादाला फिल्टरच्या बाजूला उभं केलं, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश येईपर्यंत दोघंही उन्हात थांबले. दादाने टोपी काढली, फोटोत चेहरा दिसायला हवा म्हणून, आणि हात कुठे ठेवावे हे न कळून ते फिल्टरवर ठेवले. लोखंड तापलेलं होतं, तरी फोटो होईपर्यंत त्याने ते उचलले नाहीत. पैसे नंतर येतात. कधी ते वर्ष उलटून येतात. तोवर दुकानदाराचं व्याज चालू.

दादा म्हणाला, ‘बाई, मले सबसिडी देतेत म्हनतेत लोकं. देतेत नं, नाही कुठं म्हनतो. पन आधी पैसे मी भरतो, मंग ते देतेत. तवापर्यंत उधार कोन कोनाले देऊन राह्यलं?’

व्याकरण त्याला माझ्याहून चांगलं कळतं.

बाबा गेले तेव्हा दादा बारावी झाला होता. त्याने शिक्षण तिथेच सोडलं. मी आणि धाकटा भाऊ नागपूरला शिकलो. आमच्यासारखी शेकडो पोरं तेव्हा महाल, धंतोली, सदरमध्ये खोल्या घेऊन राहायची, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या खोलीत गावाहून आलेलं पोतं असायचं. एसटीच्या टपावरून ते यायचं: ज्वारी, तुरीची डाळ, हिवाळ्यात संत्री. खोलीभाडं आणि फी कापसाच्या चुकाऱ्यावर अवलंबून. चुकारा लांबला की आमची फी लांबायची. वसतिगृह स्वस्त होतं, विद्यापीठाची फी स्वस्त होती, सरकारने आमच्या शिक्षणाला पैसा लावला हे खरंच आहे आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण सरकारच्या त्या पैशाच्या मागे आणखी एक रांग बसलेली होती. ती पऱ्हाटीच्या ओळीत होती.

त्या रांगेत सगळ्यांत मागे वहिनी. हमीभाव ठरवताना सरकार जो खर्च धरतं त्याचं नाव ए२ अधिक एफएल. ए२ म्हणजे बी-बियाणं, खत, मजुरी असा हातचा खर्च, आणि एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या कष्टाची धरलेली किंमत. ते एफएल म्हणजे माझी वहिनी. ती पाठीला धोतराचं फडकं बांधून वेचणीला जाते, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलून निघतात, संध्याकाळी हाताला खोबरेल लावते आणि भाकरी थापायला बसते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. व्यापारी खेड्यावर येऊन ओल दाखवतो, कवडी म्हणजे खराब कापूस दाखवतो आणि त्याखाली मागतो. पैशाची नड असली की द्यावंच लागतं. हमीभावातले जितके रुपये असे सुटले, त्यातले पहिले रुपये एफएल या दोन अक्षरांतून जातात. बियाण्याच्या दुकानदाराचे जात नाहीत, ट्रॅक्टरवाल्याचे जात नाहीत.

असं असून वहिनीच्या नावावर एक गुंठाही नाही. माझ्या नावावर आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, २००५ मध्ये देशाने दिला. तरी आमच्याकडे बहिणींनी भावाच्या लाभात हक्कसोडपत्र करून द्यायचं, साडी-चोळी घेऊन परत यायचं, ही रीत मोडलेली नाही. हजारो बहिणींनी अशा सह्या करून कोरडवाहू शेती तुकडे होण्यापासून वाचवली, आणि भावांनी ते गृहीत धरलं. तीही सबसिडीच. मी तशी सही करायला निघाले होते, तेव्हा दादानेच अडवलं. ‘तुह्यं नाव राहू दे,’ तो म्हणाला, ‘वावराले मानसं लागतेत.’ मग मी माझा वाटा वहिनीच्या नावावर करून देण्याचं ठरवलं आहे. दादाची हरकत नाही. धाकट्याची आहे, त्याच्याशी बोलणं चालू आहे.

तोवर सातबारा तिघांचा. संत्र्याच्या नव्या बागेला दादाने यंदा पुन्हा ठिबकचा अर्ज केला, आणि सामाईक क्षेत्र असल्यामुळे इतर हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. त्याचा नमुना त्याने मला मोबाइलवर पाठवला. ‘सदर अनुदान श्री. अमुक यांना देण्यास आमची काही हरकत नाही’ असं त्यात छापलेलं आहे. मी सही केली, धाकट्यानेही केली. परवा पूर्वसंमती आली. आता माल आधी दादाने घ्यायचा आहे, पूर्ण किमतीत, आणि या वेळी दुकानदाराकडे उधारी नको म्हणून निम्मे पैसे मी घालणार आहे.